घोगऱ्या का बंद पडतो

घोगऱ्या तिसऱ्यांदा दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडला तेव्हा अक्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आणणाऱ्याकडे पाहिलं. आणणारा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. चाळिशी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, आणि तोही तसाच वागायचा. दुकानात आला की दारातच उभा राहायचा, म्हणजे पळायला सोपं.

“परत बंद पडला,” तो म्हणाला.

“थांब. डबा तोच आहे ना?”

“तोच की,” धाकटा म्हणाला, आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून निघून गेला.

घोगऱ्या हे एका पेडलचं नाव. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी अशी पत्र्याची डबी, वर दोन खुंट्या आणि एक बटण. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. बटण पायाने दाबलं की गिटारचा स्वच्छ आवाज घसा बसल्यासारखा घोगरा होतो. बाजारात असली पेडलं ढिगाने मिळतात, पण हे अक्काने बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बनवलं होतं, धाकट्याच्या पहिल्या कार्यक्रमासाठी. त्यातले दोन ट्रान्झिस्टर तिने एका मोडक्या रेडिओतून काढले होते, आणि ते जसे चालत होते तशीच जोडणी तिने केली होती. असा आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही, असं धाकटाच गावभर सांगत फिरायचा. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या हॉलमध्ये त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्याआधी त्याने घोगऱ्याला वीज जोडली आणि गिटारचा आवाजच गेला. घोगरा नाही, साधा नाही, काहीच नाही. वाकून, वायरी उपटून, घोगऱ्या बाजूला काढल्यावर बाकीचं सुरू झालं. तोवर हॉलमध्ये कुजबुज वाढली होती, आणि शांतता भरून काढायला धाकट्याने माइक ओढला. “माफ करा मंडळी,” तो म्हणाला, “हे पेडल आमच्या अक्काने घरी केलंय. स्वयंपाकही तिचा असाच असतो.”

अख्खा हॉल हसला. अक्का चौथ्या रांगेत बसली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुळात स्वयंपाक ती करतच नाही, तिचा नवरा करतो आणि उत्तम करतो. म्हणजे विनोदसुद्धा खोटा. पण हसणाऱ्यांना त्याच्याशी काय देणंघेणं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि बावीस वर्षांचं काम एका वाक्यात पातेल्यात गेलं.

हसणाऱ्यांत तिच्या दुकानाची गिऱ्हाइकंही होती. वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, तिचं दुरुस्तीचं टेबल होतं. दुकान मालकांचं, टेबल तिचं, असा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्या कार्यक्रमानंतर पहिल्याच आठवड्यात दोघांनी आपले ॲम्प्लिफायर न उघडता परत नेले. तिसरा म्हणाला, घाई नाही, बघू नंतर. चौथ्याने तिच्यासमोरच विचारलं की मोबाइल दुरुस्त करणारा तो नवा मेकॅनिक हेही काम घेतो का.

मालक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसत म्हणाले की लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. येत्या शनिवारी धाकट्याचा त्याच हॉलमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे. घोगऱ्या नीट वाजला तर विषय संपला. नाही वाजला तर सोमवारपासून खिडकीखाली मोबाइलवाला बसेल. असलं बोलणं इतकं गोड करता येतं हे अक्काला त्या दिवशी कळलं.

आता घोगऱ्यात बिघाड असता तर तिने तो शोधला असता. तोच तर वांधा होता. पहिल्यांदा आला तेव्हा तिने तो आपल्या टेबलावरच्या विजेवर लावला, गिटार जोडली, बटण दाबलं. छान घोगरा वाजला. तरी तिने वायरी घुसतात ती भोकं साफ केली, बटण नवं घातलं, शंका नको म्हणून सोल्डरचे सगळे टाके पुन्हा गरम करून घेतले. धाकट्याने नेला, तालमीत लावला, बंद. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक भाग ठोकून पाहिला, कुठे तडा गेलेला टाका कुरकुरतोय का म्हणून. काही कुरकुरलं नाही. जुने ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असतात, स्टेजवरच्या दिव्यांनी तापत असतील, म्हणून केस वाळवायच्या यंत्राने त्याला तासभर शेकलं. घोगऱ्या शेकून निघाला आणि वाजतच राहिला. धाकट्याने नेला, लावला, बंद.

प्रत्येक वेळी तिने त्याला सांगितलं होतं की सगळं घेऊन ये, पेडलं, वायरी, डबा, जसं स्टेजवर लावतोस तसं. प्रत्येक वेळी तो म्हणाला की बिघडलंय एक पेडल, बाकीची वरात कशाला. गिऱ्हाइकांची ही जुनीच खोड. तक्रार सगळ्या घराची आणि आणायचं एकाच मेंबराला.

डबा म्हणजे विजेचा डबा. घोगऱ्या झाल्यावर काही वर्षांनी धाकट्याची पेडलं पाच झाली, आणि प्रत्येकात बॅटऱ्या घालण्यापेक्षा अक्काने त्याला एक वजनदार करडा डबा करून दिला. आत ट्रान्सफॉर्मर, त्यावर तिने स्वतः गुंडाळलेली तार, आणि पेडलांना वीज द्यायला सहा तोंडं. प्रत्येक तोंडाची वीज वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. गुंडाळायला अकरा दिवस लागले होते आणि बोटांची सालं निघाली होती. डब्यावर काय, घोगऱ्यावर काय, एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिच्या वस्तूंवर चिठ्ठ्या लागत नाहीत, हा तिचा ताठा. माहीत नसेल त्याने विचारावं, असं ती म्हणायची. दुकानात याच्यावरून तिची चेष्टा व्हायची आणि ती तिला आवडायची.

शुक्रवारपर्यंत घोगऱ्या तिच्या टेबलावर रोज सहा तास वाजला. शुक्रवारी संध्याकाळी धाकटा तो घेऊन गेला आणि जाताना हसून म्हणाला की या वेळी तरी नीट झालाय ना. अक्काने हातातली कात्री खाली ठेवली आणि मग उत्तर दिलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी कार्यक्रम सातचा होता. साडेपाचला अक्का हॉलच्या मागच्या बाजूला पोचली, खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न. धाकट्याने बोलावलं नव्हतं. बोलावलं नसताना तिने कधी कुणाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं, पण टेबल जायची वेळ आली की मानपान कोण बघतो.

कलाकारांच्या खोलीचं दार जड होतं, वर स्प्रिंग असलेलं, सोडलं की आपटणारं. ते उघडं होतं. अक्का आत शिरताना तिच्या पायाचा अंगठा कशाला तरी जोरात लागला. कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. तिने खाली पाहिलं.

दार आपटू नये म्हणून त्याला करडा डबा लावला होता. एका ओळीत सहा तोंडं, वर बुटांचे ठसे, कडेला रंग उडालेला. मागची वायर चार बोटं ठेवून कापलेली.

ती तिथेच उभी राहिली. आत टेबलावर चहाची किटली उकळत होती आणि तिला जोडलेली वायर हिरवी होती. तसली हिरवी कापडी वायर गावात मिळत नाही, अक्काने ती डब्यासाठी मुद्दाम मागवली होती. अकरा दिवस, बोटांची सालं, आणि साहेबांचा चहा. तिच्या डोळ्यात पाणी आलं ते अंगठ्यामुळे असं तिने स्वतःला सांगितलं.

मग ती स्टेजवर गेली. धाकट्याच्या पायाशी नवा कोरा बोर्ड होता, चपटा, कडेने निळे दिवे. त्यावर पाच पेडलं शेजारीशेजारी बसलेली. सगळ्यांना वीज एकाच बोटभर ॲडॅप्टरमधून, एकाच काळ्या वायरीच्या पाच तोंडांतून. चार तोंडं लावलेली, पाचवं घोगऱ्याजवळ नुसतं पडलेलं. अक्काला तीन आठवड्यांचं सगळं तीन सेकंदांत कळलं.

तिने कीबोर्डवाल्याला आणि ड्रमवाल्याला हाक मारली. या, म्हणाली, गंमत बघा. गिटारच्या वायरी जागेवर होत्या. तिने पाचवं तोंड घोगऱ्यात घातलं. बोर्डावरचे सगळे दिवे मेले. काढलं, सगळे उठले. घातलं, मेले. काढलं, उठले. असं तिने चार वेळा केलं आणि धाकट्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग तिने समजावून सांगितलं, कारण राग आला तरी काम समजावून सांगायची तिची सवय सुटत नव्हती. बाकीच्या पेडलांत विजेची वजा बाजू पत्र्याला जोडलेली असते. घोगऱ्यात अधिक बाजू जोडलेली आहे, त्याचे ट्रान्झिस्टर तसे आहेत. एकटा असला तर त्याचं काही बिघडत नाही. डब्यातही बिघडत नव्हतं, कारण तिथे प्रत्येकाची वीज वेगळी. पण सगळे एकाच ताटात जेवायला बसवले की गिटारच्या वायरीतून पत्र्याला पत्रा भिडतो, अधिक आणि वजा समोरासमोर येतात, आणि ॲडॅप्टर जीव वाचवायला झोपून जातो. घोगऱ्या काढला की तो उठतो. म्हणून दोष घोगऱ्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

“मी विचारलं होतं, डबा तोच आहे ना,” ती म्हणाली.

धाकटा गिटारच्या खुंट्या पिळत राहिला. शेवटी कीबोर्डवाल्यानेच सांगितलं की डबा फार जड होता, आणि इस्त्रीसारखा दिसतो असं आपणच एकदा गमतीत म्हणालो होतो. त्यानंतर धाकट्याने हा बोर्ड आणला.

“तुला वाईट वाटलं असतं गं,” धाकटा म्हणाला. “म्हणून नाही बोललो.”

“आणि माइकवर माझा स्वयंपाक काढलास तेव्हा काय वाटेल असं वाटलं होतं तुला?”

धाकटा वाकून बोर्डावरच्या वायरी सरळ करू लागला. पण ड्रमवाला बिचारा सरळ माणूस, त्याने मध्येच विचारलं की अक्का, हा उलटा आहे असं यावर कुठे लिहिलंय का. लिहिलं असतं तर आमच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

अक्काने घोगऱ्या उलटापालटा करून पाहिला. लिहिलेलं नव्हतं. बावीस वर्षांत दोन शब्द लिहायला तिला कमीपणा वाटला होता. आता राग चढला तो असा की कुणावर काढावा तेच कळेना, कारण त्यातला थोडा स्वतःवर होता आणि तोच जास्त झोंबत होता. टेबलावर बसून तीन आठवडे तिने ट्रान्झिस्टर शेकले, पण आपलं पेडल उलटं आहे आणि ते कुणासोबत बसतंय हा विचार तिलाही शिवला नव्हता. डबा तोच आहे म्हटल्यावर तिने मान डोलावली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“चिठ्ठी लावली नाही ही माझी चूक,” ती म्हणाली. “ती मी कबूल करीन. डबा काढलास आणि खोटं बोललास ही तुझी. तू आज माइकवर सांग. जिथे हसवलंस तिथेच.”

सांगतो गं, धाकटा म्हणाला. आधी हा वाजेल असं तरी कर.

डबा लावता आला असता, पण त्याची वायर चहा करत होती आणि तोंडांना आत काय झालं होतं देव जाणे. सोपा उपाय बॅटरीचा होता. घोगऱ्यात बॅटरी जोडायची जुनी टोपी अजून तशीच होती; बॅटरीची वीज तिची तिला, कुणाशी भिडायचा प्रश्न नाही. नवी बॅटरी कुणाकडेच नव्हती. अक्काने आपला मीटर उघडला, त्याची चौकोनी बॅटरी काढली, घोगऱ्याचे चार स्क्रू सोडवले, बॅटरी आत बसवली, चार स्क्रू परत पिळले. धाकट्याने तारा छेडल्या आणि बटण दाबलं. रिकाम्या हॉलमध्ये तो जुना आवाज भरला. ड्रमवाला नकळत हसला. अक्का नाही हसली.

सात वाजता हॉल भरला. मालक तिसऱ्या रांगेत होते. अक्का स्टेजच्या कडेला, पडद्याआड, हातात मेलेला मीटर घेऊन उभी राहिली. पहिलं गाणं झकास झालं. मधल्या तुकड्यात धाकट्याने घोगऱ्यावर पाय ठेवला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. वाजवायचा तो चांगलाच. तेवढं तिने रागातही नाकारलं नाही.

टाळ्या ओसरल्यावर त्याने माइक जवळ घेतला. अक्का पडद्याच्या कडेशी सरकली.

“मागच्या वेळी आमच्या अक्काचं पेडल बिघडलं होतं,” तो म्हणाला. “अक्कानेच ते दुरुस्त करून दिलंय. आता परत बिघडलं तर तिलाच धरा.”

लोक हसले, टाळ्याही वाजल्या, या वेळी प्रेमाच्या. मालकांनी मान वळवून तिला शोधलं आणि समाधानाने हात हलवला. म्हणजे काम झालं होतं. टेबल वाचलं होतं. दुसरी कुणी असती तर मनातल्या मनात चार शिव्या घालून घरी गेली असती, आणि लोकांनी तिला शहाणी म्हटलं असतं.

अक्का पडद्यातून बाहेर आली. दिव्यांच्या उजेडात तरातरा चालत बोर्डापाशी गेली, गुडघे टेकून बसली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दुसरा स्क्रू. धाकट्याने माइकपासून तोंड वळवायचा प्रयत्न केला, पण माइक चांगला होता.

“अक्का, काय करतेस?”

“माझी बॅटरी काढतेय,” अक्का म्हणाली. तिसरा स्क्रू. “तुझा तोच डबा आहे ना? त्याच्यावर चालव.”

हसू थांबलं. चौथा स्क्रू तिने हळू सोडवला, घाई कसलीच नव्हती. झाकण काढलं, बॅटरी हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. धाकट्याने कीबोर्डवाल्याकडे पाहिलं, तो आपल्या पट्ट्यांकडे बघत होता. ड्रमवाल्याकडे पाहिलं, त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या.

“डबा,” धाकटा म्हणाला आणि थांबला. मग त्याचा आवाज उतरला, आणि तो लहानपणी काच फोडून घरी यायचा तेव्हाचा झाला. “अक्काने मला विजेचा डबा करून दिला होता. तो मी काढून टाकला. तिला तोच आहे म्हणून सांगितलं. डबा आत दाराला लावलाय. पेडल बिघडलं नव्हतं. मागच्या वेळीही नव्हतं.”

कुणी हसलं नाही. अक्का उठली. माइक तिच्यासाठी उंच होता, तिने टाचा वर केल्या.

“याची जोडणी उलटी आहे,” ती म्हणाली. “ते मी यावर लिहिलं नव्हतं. ते माझं चुकलं.”

मग ती परत बसली, बॅटरी घातली, चार स्क्रू पिळले, बटण हाताने दाबून पाहिलं आणि निघाली. तिच्या मागे दुसरं गाणं जरा अडखळत सुरू झालं.

मालक तिला कलाकारांच्या खोलीपाशी गाठायला धावत आले होते, त्यांना दम लागला होता. हे कशाला केलंत, त्यांनी विचारलं, मी तर टेबल तुमचंच राहील असं मनात ठरवलं होतं.

“दुरुस्त केलं म्हणून ठरवलं होतंत, मालक,” अक्का म्हणाली. “बिघडलंच नव्हतं म्हणून ठरवा.”

मालकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. सोमवारी दहाला या, ते म्हणाले, आणि मान खाली घालून परत गेले.

अक्काने किटलीची हिरवी वायर उपटली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. मग वाकून दाराखालचा डबा उचलला. इतक्या वर्षांत तो हलका झाला नव्हता. काखेत मारून ती बाहेर पडली तेव्हा आत घोगऱ्या भरात आला होता. तिच्या मागे दार धाडकन आपटलं, इतकं जोरात की हॉलमध्येही ऐकू गेलं असेल. ते धरून ठेवायला आता तिथे काही नव्हतं.